साबणाच्या विक्रीतून गावातील मानसिक आरोग्यासाठी मदत करायची आहे. ती कशी करावी?

रातांबा (कुडाळ) यांचा प्रश्न

नमस्कार. गेली सहा वर्षे मी कुडाळजवळच्या आमच्या गावात मुठेल आणि खोबरेल यांपासून अंगाचा साबण, ओठांचे मलम आणि टाचांना लावायचे मलम तयार करते. रातांब्याच्या (कोकमाच्या फळाच्या) बियांपासून काढलेले आणि मुठीत दाबून वळलेले तेल म्हणून आमच्याकडे त्याला मुठेल म्हणतात. काही जण त्यालाच भिरंडेल म्हणतात. शेतातून आल्यावर भेगाळलेल्या पायांना ते लावण्याची रीत आमच्या आज्यांच्या आधीपासूनची आहे, तेव्हा मी काही नवीन शोधून काढले असा माझा दावा नाही. कारखान्यात माझ्यासह अकरा बायका काम करतात. वर्षाची विक्री साधारण अठरा लाखांची आहे.

प्रश्नाचे कारण सांगते. गेल्या पावसाळ्यात आमच्यातली एक बाई कामावर यायची थांबली. नवरा मुंबईला, घरी सासू आणि दोन मुले. सुरुवातीला आम्हाला वाटले की लावणीची गडबड असेल, मग कोणी म्हणाले अंगात कणकण आहे, आणि पुढे घरच्यांनी देवळात गाऱ्हाणे घातले, देवस्की (बाधा उतरवण्याचे विधी) करणाऱ्याकडेही नेऊन आणले. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग आहे हे आमच्यापैकी एकीलाही ठाऊक नव्हते, आणि तिथे पोहोचेपर्यंत पाच महिने गेले होते. आता ती औषधावर आहे आणि अर्धा दिवस कामाला येते. ते पाच महिने मात्र माझ्या मनातून जात नाहीत, कारण तिचे घर कारखान्यापासून दहा मिनिटांवर आहे आणि आमच्यापैकी प्रत्येक जण तिला या ना त्या निमित्ताने भेटत होती.

यंदापासून विक्रीचे दोन टक्के मानसिक आरोग्याच्या कामासाठी बाजूला ठेवावेत, असे आम्ही ठरवले आहे. अमेरिकेतील रेअर ब्युटी ही प्रसाधनांची कंपनी २०२० मध्ये सुरू झाल्यापासून विक्रीचा १ टक्का अशाच कामासाठी देते, हे वाचून ही कल्पना सुचली. पुढे काय करावे याबाबत मात्र घरातच तीन मते आहेत. माझा भाचा म्हणतो की वाळ्याचा एक नवीन साबण ‘मनाचा ताण घालवणारा’ म्हणून काढावा आणि त्याच्या वेष्टनावर आमच्या बाईची गोष्ट छापावी. यजमान म्हणतात की एखाद्या मोठ्या संस्थेला धनादेश पाठवून मोकळे व्हावे. मला स्वतःला गावात एक मोठे शिबिर घ्यावे असे वाटते. ज्यांनी असे काम केले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया मोकळेपणाने सांगावे.

पाणवठा (अमरावती) यांचे उत्तर

रातांबाताई, मी काही वर्षे अमरावती जिल्ह्यातील खेड्यांमध्ये या क्षेत्रात काम केले आहे, त्यामुळे आधी शिबिराविषयीच बोलतो. शिबिराला गर्दी होते, छायाचित्रे निघतात, पाहुण्या डॉक्टरांना नारळ दिला जातो आणि संध्याकाळी सगळे घरी जातात. ज्या घरात माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो, त्या घरातून मात्र शिबिराला कोणीही आलेले नसते. मन आजारी असलेला माणूस मंडपात येत नाही, त्याच्या ओसरीवर कोणीतरी जावे लागते, आणि एकदा नव्हे तर पुन्हा पुन्हा जावे लागते.

२०१५-१६ मध्ये बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. (त्या बारांत महाराष्ट्र नव्हता, हे आपल्याकडची भाषणे ऐकताना लक्षात येत नाही.) त्यात नैराश्य असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचाराविना असल्याचे दिसले. याचे कारण केवळ डॉक्टरांची कमतरता हे नाही. तुमच्या उदाहरणात डॉक्टर ओरोसला होतेच. गाव आणि ओरोस यांच्यामध्ये कोणी नव्हते.

हे मधले माणूस कसे उभे करता येते, याचे दोन चांगले अनुभव तुमच्या-आमच्या जवळचेच आहेत. तुमच्या शेजारी गोव्यात १९९६ पासून काम करणाऱ्या ‘संगत’ या संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना समुपदेशनाचे प्रशिक्षण देऊन त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवले. त्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि सरकारी केंद्रांत येणाऱ्या रुग्णांमध्ये बरे होण्याचे प्रमाण स्पष्टपणे वाढलेले दिसले. पुढे त्याच संस्थेने नैराश्यासाठी सहा ते आठ बैठकींची, प्रत्येकी अर्ध्या-पाऊण तासाची पद्धत बसवली, जिचा गाभा फार साधा आहे: माणसाने सोडून दिलेल्या छोट्या छोट्या गोष्टी त्याला पुन्हा एकेक करून सुरू करायला लावणे. आमच्याकडे ‘विश्राम’ या प्रकल्पात ३० गावांमध्ये गावपातळीवरचे कार्यकर्ते, समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ अशी साखळी बांधली गेली. दीड वर्षात नैराश्याने ग्रस्त असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. म्हणजे अजूनही चारांपैकी तीन जण बाहेरच राहिले, हेही लक्षात ठेवावे.

नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात सुरू झालेला ‘आत्मीयता’ हा प्रकल्पही तुम्ही अवश्य समजून घ्या. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्राने तो उभा केला. त्यात गावातल्याच काही जणांना ‘मित्र’ म्हणून आणि काहींना थोडे अधिक प्रशिक्षण देऊन ‘चॅम्पियन’ म्हणून तयार केले जाते. मित्राने दुःखात असलेला माणूस ओळखायचा, चॅम्पियनने त्याच्याशी चार ते सहा वेळा बसून बोलायचे, गंभीर आजार वाटला तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे न्यायचे आणि त्याचबरोबर थकलेली पेन्शन किंवा अडकलेले रेशनकार्ड यांसाठीही हातभार लावायचा. मला ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ज्याचे रेशन बंद आहे त्याला श्वासाचे व्यायाम शिकवणे ही एक प्रकारची थट्टा आहे.

योगायोग असा की या प्रकल्पाला पाठबळ देणाऱ्यांत मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह आहे. पॅराशूट तेलाच्या मॅरिको कंपनीचे संस्थापक हर्ष मारीवाला यांच्या व्यक्तिगत दानातून ती संस्था चालते, आणि काया ही त्वचेच्या चिकित्सालयांची साखळीही मॅरिकोनेच सुरू केली होती. केसाला आणि कातडीला लावायच्या वस्तूंतून आलेला पैसा मनाच्या कामाला लागण्याचे हे आपल्याकडचे मोठे उदाहरण. तुमची रक्कम त्यांच्यापुढे काहीच नाही, पण पद्धत घेण्यासारखी आहे: पैसा शांतपणे, अनेक वर्षे आणि काम करणाऱ्यांच्या हाती द्यायचा.

तुमचे दोन टक्के म्हणजे वर्षाला छत्तीस हजार, महिन्याला तीन हजार. यात समुपदेशक नेमता येणार नाही. मात्र दोघी-तिघींच्या प्रशिक्षणाचा प्रवासखर्च, त्यांनी घरोघरी दिलेल्या वेळेचा मोबदला आणि रुग्ण व सोबतीचे एक माणूस यांचे ओरोसला जाण्या-येण्याचे एसटीचे भाडे एवढे त्यातून निश्चित निघेल. त्या दिवशीची बुडालेली मजुरीही त्यात धरा. औषधे फुकट मिळत असूनही लोक तिसऱ्या महिन्यात जायचे का थांबतात, याचे उत्तर बहुतेक वेळा तिथे असते. एक अट मात्र सोडू नका. ऐकणाऱ्या बाईलाही कोणीतरी ऐकले पाहिजे, म्हणजे महिन्यातून एकदा जाणकार व्यक्तीसोबत बसून तिला आलेल्या अडचणी बोलता आल्या पाहिजेत. तेवढी सोय होत नसेल, तर प्रशिक्षण सुरू करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

जुना परवानाधारक (पुणे) यांचे उत्तर

मी तीस वर्षे प्रसाधनांच्या उत्पादनात आहे, त्यामुळे मनाविषयी काही न बोलता वेष्टनाविषयी बोलतो.

भाच्याची कल्पना कृपया तिथल्या तिथे थांबवा. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार शरीर स्वच्छ करण्यासाठी, सुंदर दिसण्यासाठी किंवा रूप बदलण्यासाठी जे चोळले, ओतले, शिंपडले किंवा फवारले जाते ते प्रसाधन. रोग बरा करण्यासाठी, कमी करण्यासाठी किंवा टाळण्यासाठी जे वापरले जाते ते औषध. ‘सुवासिक’, ‘ताजेतवाने वाटेल’ इथपर्यंत साबण हा साबण राहतो. ‘ताण घालवतो’, ‘नैराश्यावर उपयुक्त’ असे लिहिले की तुम्ही औषधाच्या दारात उभे राहता आणि तुमच्याकडे त्याचा परवाना नसतो. २०२० च्या सौंदर्यप्रसाधने नियमांत वापरणाऱ्याची दिशाभूल करणाऱ्या दाव्यांना मनाई आहेच, शिवाय १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा वेगळा आहे, ज्याच्या अनुसूचीतील रोगांत ‘वेड’ आणि ‘मज्जातंतूंचा अशक्तपणा’ हे त्या काळातले शब्द आजही नांदत आहेत. अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना तुमच्याकडे असेलच असे मी धरून चालतो. नसेल तर दानाचा विचार नंतर करा, आधी तो घ्या. घरगुती म्हणून विकलेल्या साबणालाही त्यातून सूट नाही.

बाईची गोष्ट वेष्टनावर छापण्याबाबत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार घेणाऱ्या व्यक्तीच्या माहितीची गोपनीयता हा तिचा हक्क मानला आहे आणि तिच्या संमतीशिवाय तिचे छायाचित्र किंवा माहिती प्रसारमाध्यमांना देण्यास बंदी केली आहे. तुम्ही म्हणाल की तिची संमती घेऊ. जी बाई तुमच्याकडून पगार घेते ती तुम्हाला नाही कशी म्हणेल, याचा विचार करा. नाव बदलले तरी अकरा जणींच्या कारखान्यात कोणाची गोष्ट आहे हे पंचक्रोशीला कळायला एक आठवडाबाजार पुरेसा आहे.

वेष्टनावर काही छापायचेच असेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक छापा. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फोन विनामूल्य आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येते. ओळ अशी ठेवा की तिचा साबणाच्या गुणाशी काही संबंध वाटणार नाही.

हिशेबाचे दोन शब्द. ‘विक्रीचे दोन टक्के’ आणि ‘नफ्याचे दोन टक्के’ यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. जे सांगाल तेच द्या आणि कर वगळून की धरून, हे एकदाच लिहून ठेवा. कंपन्यांना सामाजिक दायित्वासाठी नफ्याचे २ टक्के देण्याचे जे बंधन आहे ते वर्षाला ५ कोटी नफा, १,००० कोटी उलाढाल किंवा ५०० कोटी नक्त मूल्य असलेल्या कंपन्यांना आहे, तुम्हाला नाही. तेव्हा कोणी सल्लागार त्या नावाने कागद पुढे करू लागला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

सावळी (नाशिक) यांचे उत्तर

थोडे कडू वाटेल असे विचारते. तुमच्या इतर साबणांच्या वेष्टनांवर ‘उजळ कांती’, ‘गोरेपणा’, ‘डागविरहित’ असे काही आहे का? असल्यास दोन टक्क्यांच्या आधी ते काढा. माझ्या लग्नाच्या वेळी तीन वर्षे घरात आलेल्या प्रत्येक पाहुणीने एकेक मलम सुचवले होते, आणि त्या तीन वर्षांत माझ्या मनाचे जे झाले ते कोणत्याही सर्वेक्षणात नोंदलेले नाही. ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० मध्ये नाव बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ केले; नळीतले मलम कोणासाठी आहे हे मात्र सगळ्यांना पूर्वीप्रमाणेच समजते. एका हाताने माणसाला त्याच्या कातडीची लाज वाटायला लावायची आणि दुसऱ्या हाताने त्याच्या समुपदेशनाचे पैसे भरायचे, हा व्यवहार मला पटत नाही. कोड असलेल्या व्यक्तींसाठी पुण्यात ‘श्वेता असोसिएशन’ हा आधारगट आहे. कोड संसर्गजन्य नाही एवढे एक वाक्य जरी तुमच्या दुकानात ठळक लावले, तरी ते मानसिक आरोग्याचे काम होईल.

शुभंकर (ठाणे) यांचे उत्तर

आमच्या वर्तुळात मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला शुभार्थी आणि तिची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, त्यामुळे सोळा वर्षे मी शुभंकर आहे. साबण करणाऱ्या बाई हा प्रश्न विचारत आहेत हे वाचून मला फार जवळचे वाटले, कारण आमच्या घरात आजाराची पहिली खूण साबणच होता. भाऊ बोलायचा कमी झाला ते आम्ही वयावर ढकलले; परंतु साबणाची वडी एक महिना झिजलीच नाही, हे आईने पाहिले. त्याने आंघोळ सोडली होती. दहा-बारा दिवस आम्ही त्याला आळशी म्हणून बोललो, याची खंत आजही आहे.

याच्या उलट, एखादे गिऱ्हाईक एकट्यासाठी महिन्याला दहा-बारा वड्या नेत असेल आणि त्याच्या हातांची सालपटे निघत असतील, तर ते हात कामाने भेगाळलेले नसतीलही. मंत्रचळ (एकच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार) असलेला माणूस दिवसातून शंभर वेळा हात धुतो. त्याला जास्त तेलाचे मलम विकणे सोपे आहे, पण त्याला उपचाराची गरज असते आणि तो आजार उपचाराने आटोक्यात येतो. तुमच्या बायका रोज लोकांचे हात-पाय आणि चेहरे जवळून पाहतात, ते कोणत्याही समुपदेशकाच्या वाट्याला येत नाही. औषधांचाही कातडीवर परिणाम होतो, हे त्यांना माहीत असावे. लिथियम घेणाऱ्याला पुरळ येऊ शकतात, सोरायसिस असेल तर तो बळावू शकतो. क्लोरप्रोमाझिनसारख्या जुन्या औषधांनी ऊन सहन होत नाही. अशा वेळी ‘ती गोळी बंद करून बघा’ असे चुकूनही कोणी म्हणू नये. डॉक्टरांना दाखवा, एवढेच म्हणावे.

आता कामाविषयी. आपल्याकडची बाई अर्धा दिवस येते असे तुम्ही लिहिले, ती वाक्यात सहज येऊन गेलेली गोष्ट मला दोन टक्क्यांपेक्षा मोठी वाटते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे, तरी माझ्या भावाला नऊ ठिकाणी नकार मिळाला आणि दहाव्या ठिकाणी ‘दया म्हणून’ निम्म्या पगारावर घेतले गेले. तुम्ही तसे करू नका. अर्ध्या वेळेचा अर्धा पगार द्या, पण दर तोच ठेवा. रात्रीच्या औषधांची गुंगी सकाळी असते, म्हणून आठऐवजी अकराला बोलवा. सुरुवातीचे काही महिने वजन करणे, वड्या कापणे, वेष्टन घालणे ही कामे द्या आणि कॉस्टिक सोड्याजवळ पाठवू नका, कारण गुंगीत हात भाजेल. तो सोडा सर्वांसाठीच कुलुपात असावा आणि किल्ली एकीकडे असावी. शेतकऱ्यांच्या घरी कीटकनाशक ज्या कारणाने कुलुपात ठेवावे असे सांगितले जाते, तेच कारण इथेही लागू आहे. तिच्या एकटीसाठी नव्हे, अकराही जणींसाठी.

रातांबा (कुडाळ)

सर्वांचे मनापासून आभार. काल दुपारी कामाच्या सुट्टीत मी तुमची उत्तरे मोठ्याने वाचून दाखवली. साबणाच्या न झिजलेल्या वडीपाशी सगळ्या जणी गप्प झाल्या, आणि मग आमच्यातली सर्वांत वडीलधारी म्हणाली की शेजारणीच्या सुनेकडे तिला आज संध्याकाळी जावे लागेल.

भाच्याचा साबण रद्द केला आहे. वाळ्याचा साबण निघेल, परंतु तो फक्त वाळ्याचा असेल. सावळीताई, तुमचा प्रश्न मला लागला, कारण आमच्या हळदीच्या साबणावर ‘उजळ कांतीसाठी’ असे छापलेले होते. छापून ठेवलेली सातशे वेष्टने शिल्लक आहेत, ती वापरणार नाही. कॉस्टिक सोड्याला काल रात्रीच कुलूप लावले. पुण्याच्या काकांनी विचारले म्हणून सांगते, परवाना आहे.

जिचा उल्लेख मी केला तिलाही सगळे वाचून दाखवले. गोष्ट छापली जाणार होती हे तिला ठाऊक नव्हते; ते मी तिला न विचारताच ठरवायला निघाले होते, याची मला लाज वाटली. ती एवढेच म्हणाली की ओरोसला पहिल्यांदा जाताना कोणत्या खिडकीवर केसपेपर काढायचा हेच कळत नव्हते, तर यापुढे कोणाला न्यायचे असेल तेव्हा ती सोबत येईल. आम्ही तिच्या त्या दिवसाची मजुरी दोन टक्क्यांतून द्यायचे ठरवले आहे. पाणवठा, यात काही चूक होत असेल तर सांगा, कारण ती स्वतः अजून औषधावर आहे.

पाणवठा (अमरावती)

चूक काही नाही. स्वतः त्यातून गेलेल्या माणसाची सोबत रुग्णाला फार उपयोगी पडते. फक्त महिन्यातून दोनपेक्षा जास्त फेऱ्या तिच्यावर येऊ देऊ नका आणि एखाद्या दिवशी ती नको म्हणाली तर कारण विचारू नका. तिच्या डॉक्टरांच्या कानावरही हे एकदा घाला. पहिल्या खेपेला दुसरी कोणीतरी बरोबर असू द्या, म्हणजे ती रुग्णापाशी बसेल आणि दुसरी रांगेत उभी राहील.